खांबाला शिकवणारे कुलगुरू

उभ्या भंडारा जिल्ह्यात खांबाला इंग्रजी शिकवणारे कुलगुरू एकच झाले, आणि ते माझे मामसासरे. माझं जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून टाकते. मला घाबरायची सवय आहे. लिहिता लिहिता धीर सुटला आणि कागद अर्धाच राहिला तरी एवढं वर राहील. त्यांचं नाव मात्र लिहिता येणार नाही. आमच्याकडे मामसासरा आणि भाचसून यांचं फार कडक असतं. त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही, त्यांची सावलीसुद्धा अंगावर पडू द्यायची नाही. काही सांगायचंच झालं तर घरातल्या खांबाला सांगायचं. खांबानं ऐकलं आणि मामाजींनी ते खांबाकडून ऐकलं, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

मामाजी लाखनीचे. धानाच्या बांधीतून उठून विद्यापीठाच्या खुर्चीवर गेले, पण खुर्चीत टिकले नाहीत. सारखे एसटीत सापडायचे. साहेबाची गाडी पाहिली की माणसं खरं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. समोर येईल त्याला नाव विचारायच्या आधी "कितवी शिकला?" विचारायचे. कंडक्टरला, न्हाव्याला, पंगतीत वाढणाऱ्या आचाऱ्याला. उत्तर आलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "मंग पुढं काहून नाही?" या दुसऱ्या प्रश्नापायी बरीच मंडळी त्यांना पाहून रस्ता बदलत. सिहोऱ्याच्या एका लग्नात त्यांनी हे थेट नवरदेवालाच विचारलं. मुलीकडच्यांना मॅट्रिक म्हणून सांगितलेला नवरदेव गडबडून खरं बोलला आणि नववी नापास निघाला. लग्न लागलं, पण त्या घरचं आमंत्रण मामाजींना पुन्हा कधी आलं नाही. विद्यापीठाच्या फाटकावरचा चौकीदार धोतरवाल्यांना अडवतो हे कळल्यावर त्यांनी फाटकच काढायला लावलं. आठवड्याच्या आत गाईंनी बगीचा साफ केला. अधिकारी तक्रार घेऊन आले, तर हे म्हणाले, "गाई येऊन राहिल्या ना? आता मानसंही येतीन."

मी मोहाडीकडची, शाळा सातवीत सुटलेली. आई अंथरुणाला खिळली आणि चूल माझ्याकडे आली. मग आंधळगावला लग्न झालं. आमचे हे कोशाचं रेशमी कापड सायकलवर बांधून गावोगाव विकायचे. लाखनीजवळ हमरस्त्यावर एका ट्रकनं त्यांना उडवलं. घरी आणलं ते त्याच कापडात गुंडाळून.

तेरवीच्या दिवशी अंगणात माझा निकाल लागत होता. मोठ्या दिरांचं म्हणणं, रायपूरला त्यांच्या सासरी घरकामाला माणूस हवंच आहे, तिथं पाठवून द्यावं; खायला मिळेल, वर अंग झाकायला लुगडं मिळेल. सासूबाई नुसत्या रडत होत्या. मी आत खांबाच्या आड बसून हे ऐकत होते, जसं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं असावं. तेवढ्यात मामाजींनी हातातला विडा खाली ठेवला आणि खांबाकडे तोंड करून विचारलं, "कितवी शिकली?"

दिवस कोणता, वेळ कोणती. पण सवय ती सवय. मी खांबाला म्हटलं, "सातवी म्हणा."

"मंग पुढं काहून नाही?"

तेरा दिवस मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. हे मला जन्मात कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी तिथंच सगळ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी भांडून नवा नियम करून घेतला होता. एकवीस वर्षं पुरी झालेल्या कुणीही मॅट्रिक नसताना विद्यापीठाची एक प्रवेश परीक्षा द्यावी, पास झालं की घरून बी.ए. करावं. दीर हसले आणि म्हणाले, मामा, विद्यापीठ काय आठवडी बाजार आहे का? मामाजी म्हणाले, "सरकारचं हाये म्हंजे लोकायचं हाये. लोकायनं त्याच्यासाठी पैसा द्यावा आन् दारातून वापस जावं, हे मले नाही पटत. परीक्षेपर्यंत सून कुठं जानार नाही."

त्यानंतर दर रविवारी ते एसटीनं आंधळगावला यायचे, खांबाला टेकून पाठमोरे बसायचे आणि शिकवायचे. पलीकडे मी. भूगोल, हिशेब, इंग्रजी, सगळं खांबातून. शिकवताना ते इतके रंगून जात की नातं विसरत आणि खांबावरच चिडत. एकदा शेजारीण धावत सासूबाईंकडे आली, म्हणे भाऊचं डोस्कं फिरलं, खांबाले मूर्ख म्हणून राहिले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "खांब मूर्खच हाये. मागच्या रविवारपासून एक कविता पाठ नाही झाली त्याची."

लेखी परीक्षा बरी गेली. तोंडी परीक्षेला भंडाऱ्याच्या एका कॉलेजात बोलावलं. घरची सून परीक्षेला बसते आहे हे मामाजींनी विद्यापीठाला आधीच कळवलं होतं, आणि माझ्या परीक्षकांशी ते शब्दही बोलले नव्हते. पण त्यांची आणखी एक खोड होती. परीक्षा कुठंही असो, उमेदवारांना पाणी मिळालं की नाही हे ते स्वतः बघायचे. लोटा घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडायचे.

दोन प्राध्यापक समोर होते. मी धीटपणे बोलत होते, मलाच नवल वाटत होतं. तलावावरून शेताला पाणी कसं देतात हे सांगत होते, इतक्यात दार ढकलून मामाजी लोटा घेऊन आत आले. ही माझी खोली आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. शब्द फुटेना. प्राध्यापकांनी पुन्हा विचारलं, मी पदर आणखी खाली ओढला. उत्तर येत असून माझा रायपूरचा रस्ता मोकळा होत होता. त्या खोलीत खांब नव्हता.

मामाजींनी लोटा खाली ठेवला आणि मागच्या पावली बाहेर गेले. भर उन्हात, आवाज पोचणार नाही इतक्या लांब, अंगणाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. मग मी बोलले. सगळं बोलले.

मी पास झाले. पण कुलगुरू सुनेच्या खोलीत कशाला गेले होते, हा प्रश्न विद्यापीठात फिरू लागला. ज्यांना ती परीक्षा नकोच होती त्यांना तेवढंच पुरलं. चौकशी बसली. निघालं काहीच नाही, पण मामाजींना दुसऱ्यांदा नेमलं नाही, आणि नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत ती परीक्षा बंद केली. फाटकही पुन्हा बसलं.

ही बातमी घेऊन ते स्वतःच आंधळगावला आले. मी आत बसून ऐकलं आणि हातातलं पुस्तक मिटून रडायला लागले. तेव्हा ते उठले, खांबाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"तू तुह्या उत्तरानं पास झाली, बाई," ते म्हणाले. "बाकीचं माह्यं मी पाहून घेईन. तू रडत बसू नको. वाच."

रायपूर टळलं ते टळलंच. आता मी घरापासून फार लांब, समुद्राकाठच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहात पगारावर काम करते. माझी बोली ऐकून इथं लोक हसतात. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं आहे आणि इंग्रजीच्या पेपराची धास्ती वाटते. मामाजी लाखनीला शेती पाहतात. आता फारसं कुणी त्यांच्याकडे येत नाही, असं सासूबाई कळवतात. त्या असंही कळवतात की आंधळगावच्या बिड्या वळणाऱ्या बाया अजून विचारतात, ती बिनमॅट्रिकची परीक्षा पुन्हा कधी आहे? त्यांना काय सांगावं हे सासूबाईंना कळत नाही.

मला कळतं. ते दार बंद झालं, ते माझ्यानं उघडणार नाही. पण मॅट्रिकला बाहेरून बसायची वाट अजून आहे. लांबची आहे, तरी आहे. बी.ए. झाले की मी आंधळगावला परत जाईन आणि त्या बायांना त्या वाटेनं नेईन, एकेकीला. मामाजींचे उपकार मी असेच फेडीन. त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच वाटतं. नाही झालं, तरी फेडीन.