निम्म्या मोटारसायकलचा कर

माझे सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पलूसच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं ते आणि सासूबाई राहतात. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मी सांगलीत एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि माझं आयकराचं विवरणपत्र दर वर्षी लॅपटॉपवर स्वतः भरते. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. ते एकेक प्रश्न विचारत जातं, आपण उत्तरं देत जायचं, की शेवटी फॉर्म तयार होतो. यातलं मला फार कळतं असं नाही, पण घरात तसा समज आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही.

मामांचा फॉर्म तालुक्याच्या गावातला एक सल्लागार भरायचा. तो पेन्शनरांचे कागद एकगठ्ठा गोळा करायचा आणि सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवायचा. मागच्या वर्षी मामांच्या मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला की तुम्ही दाखवलेली देणगी एकदा तपासून बघा. मामांनी आयुष्यात देणगी दिली होती ती गावच्या तालमीला, आणि तीही मातीत घालायच्या ताकाची. सल्लागारानं मात्र त्यांच्या नावावर कुठल्या तरी संस्थेला घसघशीत रक्कम दिल्याचं दाखवलं होतं. मामांनी ते दुरुस्त करून घेतलं, सल्लागाराला रामराम ठोकला, आणि यंदापासून फॉर्म आपल्या डोळ्यांदेखत भरायचा असं ठरवलं.

जुलैतल्या एका रविवारी ते आत्यांना घेऊन सांगलीला आले. दाढी घोटलेली, शर्टाला कडक इस्त्री, मिशीला तेल. लॅपटॉपसमोर मी बसले आणि शेजारच्या खुर्चीत ते ताठ बसले, चौकशीला बोलावल्यासारखे. माझ्या नवऱ्यानं बापाचा तो अवतार बघितला आणि दूध आणतो म्हणून तो बाहेर पडला. दूध घरात होतं.

सुरुवात चांगली झाली. पेन्शन आणि ठेवींचं व्याज सॉफ्टवेअरनं आपलं आपणच आणून दाखवलं. जमीन दिरांच्या नावावर केलेली, त्यामुळं उसाचा प्रश्न नव्हता. मी प्रश्न मराठीत करून सांगायची आणि मामा उत्तर द्यायचे. घर भाड्यानं दिलंय का? न्हाई. शेअर विकलेत का? न्हाई. परदेशात काही मालमत्ता आहे का, यावर मात्र ते थांबले. शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते तेव्हा परतताना त्यांची एक पत्र्याची पेटी तिथंच राहिली होती. तिच्यात काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाले, दोन घोंगड्या आणि एक किटली. मी ‘नाही’वर टिचकी मारली. त्यांनी नाराजीनं परवानगी दिली.

पडद्याच्या कोपऱ्यात भरायच्या कराच्या जागी मोठं हिरवं शून्य दिसत होतं. मामांचं उत्पन्न सवलतीत बसत होतं, म्हणजे काम संपल्यातच जमा होतं. शेवटून दुसरा प्रश्न असा होता की लॉटरी, शब्दकोडी, पत्ते किंवा घोड्यांच्या आणि इतर शर्यतींतून काही जिंकलंय का. मी तो अर्धवट वाचूनच ‘नाही’कडे निघाले होते, तेवढ्यात मामांनी हात आडवा धरला.

“शर्यत म्हणलीस न्हवं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामांच्या दावणीला शर्यतीचा बैल आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याचे चाहते फार आहेत आणि ते मनाला लावून घेतात. शर्यतीच्या छकड्याला दोन बैल लागतात आणि बहुतेक वेळा ते दोन मालकांचे असतात. मामांच्या बैलाचा जोडीदार औंधच्या एका शेतकऱ्याचा. आमच्या घरात त्या शेतकऱ्याला सगळे ‘पाव्हणं’ म्हणतात. नातं काही नाही, पण बैलांचं जुळलं म्हणून माणसांचंही जुळलं. तर माघातल्या एका जत्रेच्या मैदानात या जोडीनं फायनल मारली आणि बक्षिसात मोटारसायकल मिळाली. मोटारसायकल मधून कापता येत नाही, म्हणून ती मामांच्या नावावर केली आणि पंधरवड्यानं अदलाबदल ठरली. पंधरा दिवस ती आमच्या गावात असायची आणि पंधरा दिवस औंधात.

मी मामांना समजावलं की सरकारकडं जी माहिती आपोआप गेलीय तिच्यात मोटारसायकल कुठंच नाही. जत्रा कमिटीनं कर कापलेला नाही, काही कळवलेलं नाही. सरकारला हे माहितीच नाही.

“मला माहीत हाय की,” मामा म्हणाले.

मी ‘होय’वर टिचकी मारली. सॉफ्टवेअरनं लगेच कळवलं की आता छोटा फॉर्म चालणार नाही, मोठा भरावा लागेल, आणि मोठ्या फॉर्मची फीसुद्धा मोठी आहे. मामांनी ती भरायला सांगितली. मग मी शोरूमची किंमत निम्मी करून टाकली आणि आमच्या डोळ्यांदेखत हिरवं शून्य गेलं आणि तिथं लाल आकडा आला. शर्यतीच्या कमाईला कसलीच सवलत नसते. पहिल्या रुपयापासून कर.

आत्या आतून कांदा चिरता चिरता ऐकत होत्या. त्या विळी सोडून बाहेर आल्या. त्या बैलाला रोज सकाळी दूध कुणी पाजलं, अंडी कुणी फोडून घातली, उडदाची डाळ कुणी भिजवली, हे कुठल्या रकान्यात येतं तेवढं त्यांनी मला विचारलं. प्रश्न रास्त होता. मी शोधलं तर खर्चाचा रकाना सापडलासुद्धा, पण तो शर्यतीचे घोडे पाळणाऱ्यांसाठी होता. घोडेमालकाला चारा, खुराक, देखभाल सगळं वजा करता येतं. बैलाचा उल्लेख नव्हता.

“म्हंजी घोडं खातंय आन् बैल उपाशी पळतोय व्हय?” आत्या म्हणाल्या.

मामांनी बैल घोड्यात घालता येतो का बघ म्हणून सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये तज्ज्ञाशी बोलायची एक चौकट होती, मोठ्या फॉर्मच्या फीमध्ये ती मिळाली होती. मी तिथं इंग्रजीत लिहिलं की आमच्याकडं बुल आहे, त्याच्यापासून उत्पन्न झालंय, खर्च वजा होईल का. थोड्या वेळानं तज्ज्ञाचा फोनच आला. तो कुठल्या तरी लांबच्या शहरातला तरुण होता, हिंदीत बोलत होता. मी फोन स्पीकरवर टाकला. त्यानं अदबीनं विचारलं, “सर, ये बुल मतलब शेअर मार्केटवाला?”

“मार्केट का नहीं,” मामा फौजी हिंदीत म्हणाले, “बाजारातनं आणलेला न्हाई. घर की गाय का है.”

मग त्यानं विचारलं की गाय कुणाच्या नावावर आहे. मी फोन हातात घेतला आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याला बैलांची शर्यत असते हेच ठाऊक नव्हतं. त्याचा फॉर्म राहिला बाजूला, छकडा किती जोरात पळतो, माणूस त्यावर उभा कसा राहतो, हे तो विचारत बसला. मामांनी त्याला सगळं सांगितलं. शेवटी त्यानं वरिष्ठांना विचारून कळवलं की शर्यत म्हणजे शर्यत, कर लागणार, आणि खर्चाची सूट फक्त घोड्याला. बैलाबद्दल कायदा गप्प आहे. त्यानं वर मनापासून सॉरी म्हटलं. आत्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी उरलेला कांदा जरा जास्तच बारीक चिरला.

आता राहिली निम्मी मोटारसायकल. मामांनी निम्मी दाखवली, तर उरलेली निम्मी कुणाची, असा प्रश्न कुणी विचारलाच तर? मामांनी पाव्हण्यांना फोन लावला. मी निम्मी गाडी कागदावर घेतलीय, निम्मी तुमी घ्या, एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. फोनवर जास्त बोलायचं नाही ही त्यांची जुनी सवय.

जेवणं उरकली तोवर दारात मोटारसायकल थांबली. पंधरवडा औंधाचा होता. पाव्हणं घामाघूम होऊन आत आले, पाणीसुद्धा न घेता त्यांनी गाडीची चावी टीपॉयवर ठेवली. मला म्हणाले, ताई, ही गाडी सगळीच सुभेदारांची लिवा, मला त्यात घालू नका. त्यांना वाटत होतं, एकदा नाव कॉम्प्युटरात गेलं की मागची शेळी, पुढची कोंबडी सगळं विचारतील.

“आवं सुभेदार, बैलानं कर भरल्याला कवा ऐकलाय का तुमी?” ते म्हणाले.

“बैल न्हाई भरत. आपून भरायचा.”

“गाडी तुमच्या नावावर हाय.”

“मग पंधरा दिसांनी न्यायला कशाला येता?”

पाव्हणं मान खाली घालून चावीकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, बैलांची जोडी आज इथंच फुटली. मी काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की घाबरू नका, हा फक्त हिशेब आहे, यात असं नोंदवलं जातं की बक्षिसातला निम्मा वाटा तुमचा आहे.

पाव्हण्यांनी मान वर केली. “सरकारदरबारी नोंद व्हती?”

होते म्हटलं.

“निम्मा माझा म्हणून?”

होय म्हटलं.

मग त्यांच्या पोटातलं बाहेर आलं. गाडी मामांच्या नावावर झाल्यापासून मैदानात सगळे ‘सुभेदारांची जोडी’ म्हणायला लागले होते. समालोचक माईकवरून सुभेदारांचा बैल म्हणून ओरडायचा आणि दुसऱ्या बाजूला कोण पळतोय याचा उल्लेखही नसायचा. माझा बैल काय वाऱ्यानं पळतोय काय, असं त्यांनी मामांना विचारलं. मामांना हे नवीन होतं. त्यांनी उठून स्वतः पाण्याचा तांब्या आणून पाव्हण्यांपुढं ठेवला. मामांना घरात पाणी आणताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“ताई, माझं बी भरा,” पाव्हणं पाणी पिऊन म्हणाले. “बैलाचं नाव लिवायला जागा हाय का?”

ती नव्हती. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांचं खातं उघडायचं होतं, त्यासाठी पासवर्ड हवा होता, तर त्यांनी बैलाचं नाव पासवर्डात घाला म्हणून सुचवलं. मी सांगितलं की पासवर्ड कुणाला सुचणार नाही असा पाहिजे आणि तुमच्या बैलाचं नाव सातारा-सांगलीत पोराटोरांच्या तोंडी आहे. त्यांना हे आवडलं. थोडा विचार करून ते म्हणाले, “मग बायकूच्या नावानं ठेवा. ते कुणालाच सुचायचं न्हाई.” आत्यांनी आतून भांडं आपटलं.

पुढचं सगळं सरळ झालं. दोघांनी कर भरला. मामांनी ओटीपी परेडवर हाक द्यावी तसा एकेक आकडा सुटा करून सांगितला, आणि फॉर्म गेला तेव्हा पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. पाव्हण्यांना ते गुलालासारखं वाटलं. ते दोघे एकाच मोटारसायकलवर बसून पोचपावतीच्या प्रती काढायला चौकात गेले. माझा नवरा त्याच वेळी दूध घेऊन परत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. मी त्याला दूध तापवायला सांगितलं.

पाव्हण्यांनी ती पोचपावती फ्रेम करून सोप्यात शर्यतीत मिळालेल्या ढालींच्या ओळीत लावली. तिच्यावर ना बैल आहे ना शर्यत, नुसते आकडे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्यातला एक आकडा बोट ठेवून दाखवतात. बातमी मैदानांवर पसरायला वेळ लागला नाही. मला अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. एकाला बोकडाच्या टकरीत पितळी हंडा मिळाला होता, त्याचं काय करायचं? मी सांगितलं, त्यात पाणी भरून ठेवा.

पुढच्या हंगामात औंधच्या बाजूच्या एका मैदानाला मामा मलाही घेऊन गेले. जोडी सुटायच्या आधी समालोचकानं दोन्ही मालकांची नावं घेतली, आधी पाव्हण्यांचं, मग मामांचं. मामांनी त्याला आधी भेटून तसं सांगितलं होतं, हे मला आत्यांकडून नंतर कळलं. त्यानं वर स्वतःच्या पदरचं जोडलं, की मंडळी, सगळ्या महाराष्ट्रात सरकारला कर भरणारी ही एकच जोडी. लोक हसले, टाळ्याही पडल्या. पाव्हण्यांनी फेटा सारखा केला.

जोडी सेमीत तिसरी आली. बैलांना पाणी दाखवून, अंगावरून हात फिरवून मामा माझ्याजवळ आले आणि उन्हात डोळे बारीक करून म्हणाले, “एका अर्थी बरं झालं, पोरी. बक्षीस ट्रॅक्टरचं व्हतं.”

पाव्हणं बैलाच्या खुरातला खडा काढत होते.