गिरणीच्या कॉलनीतली हळदीकुंकवाची पावलं

ती पावलं कोणाची होती, हे मला पाहताक्षणी कळलं होतं. सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पुढे वर्षभर मी स्वतःची समजूत घालत राहिलो की आपल्याला ते कळलं नव्हतं.

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना महामार्ग सोडून आत गेलं की बंद पडलेल्या एका कापड गिरणीची कॉलनी लागते. जुने कामगार तिला ‘शहर’च म्हणायचे. चाळींच्या रांगा, दवाखाना, शाळा, रेशनचं दुकान, सिनेमा दाखवायचा हॉल. गिरणी बंद झाली आणि माणसं पांगली. मी शाळामास्तर. सुटीच्या दिवशी अशा ओसाड इमारती धुंडाळायचो आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचो. ते फारसं कोणी पाहायचं नाही, आणि हे मला लागायचं.

त्या दिवशी मी संतापलेलो होतो. दवाखान्याचं छत बसलं होतं, शाळेच्या वर्गात बाभळी वाढल्या होत्या, खिडक्या चौकटींसकट उपटून नेलेल्या. मालकाने यंत्रं भंगारात काढली आणि ज्यांनी इथं जन्म घालवला त्यांना वाऱ्यावर सोडलं. हे सगळं मी कॅमेऱ्यासमोर तावातावाने बोललो. तो राग खरा होता.

मग एका चाळीतल्या खोलीत शिरलो. खोली झाडलेली, सारवलेली. उंबरठ्यापासून कोपऱ्यापर्यंत हळदीकुंकवाची इवलाली पावलं. विटांची चूल, तिच्यात ताजी राख. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगल्याचे दोरे तसेच लोंबत होते. माझ्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, नुकत्याच उठल्या होत्या. आई अशीच मूठ टेकवून पावलं काढते.

आणि मी आवाज खाली आणून म्हणालो, “या भुतांच्या शहरात कोणीतरी अघोरी पूजा करतंय.”

शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारा मी. त्या दिवसापासून माझा मोबाईल थांबेना. लोक पाहत होते, एकमेकांना पाठवत होते, आणि मी खूश होतो. तिथे टवाळ पोरं गेली, त्यांनी चूल लाथाडली, पावलं संपत होती तो कोपरा खणला, हेही मी ऐकलं. नंतर गिरणीच्या राखणदाराने दारांना लोखंडी पत्रे ठोकून टाकले. मी गप्प राहिलो.

पुढच्या भाद्रपदात गिरणीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराचा फोन आला. “मास्तर, तुमी वऱ्हाडातलेच हा न? का इलायतेतून आले? महालक्ष्म्या कधी पाह्यल्याच नाई वाटते!”

त्याच्याकडून सगळं कळलं. ती खोली त्यांच्या चाळीतल्या एका बाईंची. अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीत महालक्ष्म्या बसवायला जागा नाही, घरमालक चूलही पेटवू देत नाही. म्हणून सासूने जिथं बसवल्या तिथंच त्या दर वर्षी बसवायच्या. पांगलेली सगळी चाळ त्या दिवशी जेवायला जमायची. एरवी कोणी कोणाला भेटत नसे. यंदा मुखवटे डोक्यावर घेऊन ही माणसं पत्र्यासमोर उभी राहिली आणि तशीच परत फिरली.

मी तो व्हिडिओ काढून टाकला आणि त्याच्याकडून पत्ता घेऊन अकोल्याला गेलो. बाई गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं.

“हा का तो भूतवाला मास्तर?” त्या शेजारणीला म्हणाल्या. “पाह्य वं, दिसते तर चांगल्या घरचा!”

मी हळूच म्हणालो, “ताई, माझं चुकलं. व्हिडिओ मी काढून टाकलाय.”

“काढून टाकला म्हनजे झालं का? लोकायच्या डोस्क्यातून कोन काढन? ते खोली माही, हे साऱ्यायले समजलं. या गल्लीतल्या बाया माह्या हातची मेथी घेत नाई. म्हनते, हे करनी करते. लेकरं जवळून गेले का त्यायच्या माया वढून घेतात. पोरीच्या सासरीबी पोचलं ते.” त्यांनी मेथीची जुडी पोत्यावर आपटली. “अन् तू माह्या कानात येऊन माफी मांगून राह्यला! तितं कसा साऱ्या दुनियेले सांगत होता?”

त्या गाडीवरून पुढे वाकल्या.

“तुले माईत होतं का नाई, ते पावलं कोनाचे होते? सांग.”

“माहीत होतं.”

त्यांनी तराजू बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मंग तेच सांग. मोठ्यानं सांग.”

संध्याकाळची गर्दी होती. मी खिशातून मोबाईल काढला, व्हिडिओ सुरू केला आणि शेजारच्या पानवाल्याला धरायला दिला. बाया थांबल्या, ओट्यांवरची माणसं उठून आली.

“ती महालक्ष्मीची पावलं होती,” मी म्हणालो. “मी ओळखली होती, तरी खोटं बोललो. लोकांनी माझा व्हिडिओ पाहावा म्हणून बोललो. या ताईंनी कोणावर काही केलेलं नाही. वाईट मी केलं. ताई, मी तुमची माफी मागतो, तुमच्या चाळीतल्या सगळ्यांची मागतो.”