गैरहजर बायकांची चित्रं

चिठ्ठ्या मी लिहायचे. आमच्या भिशीत माझं अक्षर बरं, म्हणून ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आलं, आणि तीस वर्षं विम्याच्या कचेरीत फॉर्म भरल्यामुळे मला लिहायचा कंटाळाही नव्हता. एवढ्याशा कामातून मी एका बाईचं काय करून ठेवलं ते आज सांगायला बसले आहे. मला कुणी विचारलेलं नाही, भिशीतल्या बहुतेकींना तर काही घडलं हेही ठाऊक नाही. पण माझ्या मनातून ते जात नाही.

ती माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते. तिचे मिस्टर न्हावा शेव्याला एका शिपिंग कंपनीत होते. एका सकाळी कामावर जायला बूट घालता घालता ते बसल्या जागी गेले. मुलगा परदेशी. त्यानंतर वर्षभर तिचं दार उघडायचं ते दूध आणि कचऱ्यापुरतं. मी अधूनमधून काहीतरी निमित्त काढून खाली जायचे, आणि असंच एकदा कोथिंबिरीची जुडी द्यायला गेले तेव्हा टेबलावर पोस्टकार्डाएवढं एक चित्र पडलेलं दिसलं. ओट्यावर पालथी घातलेली भांडी आणि खिडकीतून त्यांवर आलेला उजेड. बाकी काही नाही. लग्नाआधी ती मुंबईला चार वर्षं चित्रकला शिकली होती, हे वीस वर्षांच्या शेजारात मला त्या दिवशी कळलं.

मला ते चित्र मनापासून आवडलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला माझा शब्द खरा मानणं जड जाईल.

मला काही आवडलं की गप्प बसवत नाही, हा माझा स्वभावच. आमच्या भिशीत तिला धरून बारा बायका. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, खायचं, आणि जाताना यजमानीण सगळ्यांच्या हातात स्टीलचा डबा नाहीतर प्लॅस्टिकचा ट्रे ठेवायची. प्रत्येकीच्या माळ्यावर असले डबे खच्चून भरलेले. मी म्हटलं, ही खोगीरभरती बंद करू. त्याऐवजी सगळ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढायची आणि तिच्याकडून दर महिन्याला एक छोटं चित्र घ्यायचं. उरलेल्या अकराजणींची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिने चित्र घरी न्यायचं. छापलेलं नाही, दुकानातलं नाही, आपल्यातल्याच एकीने हाताने काढलेलं.

ती तयार नव्हती. "त्यांना हवी असतील तरच," ती म्हणाली, "माझी कीव म्हणून नको." मी म्हटलं, अगं सगळ्या माझ्या मागे लागल्यात. खरं तर तोपर्यंत मी एकीलाही विचारलं नव्हतं.

पहिले चार-पाच महिने छान गेले. वाटीतून चिठ्ठी निघाली की टाळ्या व्हायच्या, फोटो काढले जायचे, रात्रीपर्यंत ते चित्र सगळ्यांच्या स्टेटसला झळकायचं. पण तिची चित्रं भिशीत वाटण्यासारखी नव्हती. तिने चिखलात अर्धवट उभा राहिलेला पुलाचा खांब काढला. एसटी स्टँडवर कुणी नसलेला बाक काढला. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला कावळा काढला, आणि तो जिच्या घरी गेला तिच्या सासूने दुसऱ्याच दिवशी खाली उतरवायला लावला, कारण सासऱ्यांचं श्राद्ध तोंडावर आलं होतं आणि त्यात ही आणखी भर कशाला. मग फोन सुरू झाले. काढते सुंदर गं, पण उदास वाटतं. पाहुणे येतात, हॉलमध्ये काय लावायचं. गणपती नाही का काढत ती? मी आडून आडून तिला थोडे रंग वापरायला सुचवलं. पुढच्या महिन्यात तिने बोगनवेल आणली. तीही अशी, की नुकतंच कुणीतरी त्या घरातून उठून गेलं असावं.

शेवटी एक वेळ अशी आली की चिठ्ठी निघण्याआधी बायकांचे चेहरे पडू लागले. एका यजमानणीच्या स्वयंपाकघरात मी वड्यांच्या ताटाशेजारी चिठ्ठ्या लिहीत उभी होते. दोघी आत आल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं, आज आमचं नाव नको. मी त्यांना झापायला हवं होतं. एरवी मी कुणालाही झापते. त्याऐवजी मला वाटलं, आपण किती हुशार. त्या दिवशी जी बाई आली नव्हती, तिचं नाव मी अकराही चिठ्ठ्यांवर लिहिलं.

नसलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही, एवढी साधी युक्ती होती ती. दर महिन्याला कुणी ना कुणी गैरहजर असायचीच, कुणाचं लग्नकार्य, कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाचे गुडघे. चित्र तिच्या नावाने निघायचं आणि पोचवायला म्हणून माझ्याकडे यायचं. मी फोन केला की त्या म्हणायच्या, राहू दे तुझ्याकडेच, नेते कधीतरी. मी ते खाकी पाकिटात घालायचे, वर माझ्या सुरेख अक्षरात तिचं नाव लिहायचे आणि हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचे. अशी पाच पाकिटं झाली.

इथवरही एक वेळ चाललं असतं. पण ती विचारायची. भिशीनंतर आठवड्याभरात जिन्यात गाठ पडली की तिचा पहिला प्रश्न, लावलं का गं तिने? कुठे लावलं? मग लगेच दुसरा, उजेड कुठून येतो? जलरंगाला ऊन लागलं की रंग उडतो, त्याची तिला फार काळजी. मी सांगत गेले. एकीने टीव्हीच्या वर लावलंय, खिडकी डाव्या हाताला आहे, ऊन येत नाही. एकीने देवघराच्या शेजारी. एकीच्या मुलीचं बाळ पाळण्यातून समोरच्या चित्राकडे टक लावून बघत बसतं. हे शेवटचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला की मला त्यात आणखी भर घालावीशी वाटली, आणि मी घातली. जी घरं मी धड पाहिलीही नव्हती, त्यांच्या भिंती आणि खिडक्या मी तिला जिन्यात उभ्या उभ्या बांधून दिल्या. ती हसून एकदा म्हणाली, न येणाऱ्या बायकांचंच नशीब दांडगं दिसतंय. मीही हसले. मला लाज वाटली नाही, आणि आता त्याचीच जास्त वाटते.

जानेवारीत भिशी आपटा गावी ठरली. आमच्यातल्या एकीचं माहेर तिथलं, भावाची नदीकाठी थोडी जमीन राहिलेली आहे, आणि तिने पोपटीचं आमंत्रण दिलं. वालाच्या शेंगा, वांगी, बटाटे, अंडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं करून भाजायचं. आम्हाला उजेडी परतायचं म्हणून त्यांनी दुपारीच जाळ केला. पोपटी म्हटल्यावर गुडघे दुखणाऱ्यासुद्धा आल्या. मी बायका मोजल्या आणि माझ्या लक्षात आलं, आज एकही गैरहजर नाही.

त्या महिन्याचं चित्र होतं पनवेलच्या मच्छीबाजारातलं. बाजार उठलेला, ओटे धुऊन झालेले, आणि माशांचा शेवटचा एक वाटा पुढ्यात मांडून बसून राहिलेली कोळीण. मी आजूबाजूच्या बायकांची तोंडं पाहिली. कुणालाच ते नको होतं. मी भावाच्या ओसरीवर गेले आणि अकराही चिठ्ठ्यांवर माझं स्वतःचं नाव लिहिलं. आपण आज सगळ्यांना सोडवलं, अशी मला वर धन्यताही वाटली.

चिठ्ठी निघाली, माझं नाव वाचलं गेलं. उरलेल्या चिठ्ठ्या मी नेहमी लगेच चुरगाळून टाकायचे, पण तेवढ्यात कुणीतरी गरम शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. ती वाटीजवळच बसली होती. सहज गंमत म्हणून तिने दुसरी चिठ्ठी उघडली, मग तिसरी, मग चौथी. सगळ्यांवर माझंच नाव.

तेवढ्यात यजमानीणच मोठ्याने हसली. "आगं, ही तर चोरटी हाय," ती म्हणाली, "चित्र दुसरीला जाऊच द्यायचं नाय, म्हून सगल्यावर आपलंच नाव." युक्ती ठाऊक असलेल्या दोघी-तिघींनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याही हसायला लागल्या. ती मात्र हसली नाही. हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते. "एवढं हवं होतं तुला?" तिने विचारलं. मी मान डोलावली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

येताना गाडीत तिने चित्र परत मागून घेतलं. म्हणाली, काच लावून उद्या मीच आणते आणि मीच लावते, तू भलत्या उन्हात टांगशील.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. कडेला नीट पांढरी पट्टी सोडून चित्र काचेत बसवलेलं होतं. मिस्टर गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. तिने हॉलमध्ये चारही भिंतींपाशी उभं राहून उजेड पाहिला, एक जागा ठरवली, पेन्सिलीने खूण केली. मी चहा टाकायला आत गेले. तिने बाहेरून विचारलं, खिळा आणलाय गं मी, हातोडी कुठे आहे? आणि आधण ठेवता ठेवता मी ओरडून सांगितलं, कपाटात, खालच्या खणात.

सांगितलं आणि माझे हात थांबले. बाहेर आले तेव्हा ती फरशीवर मांडी घालून बसली होती. पाच पाकिटं तिने उघडली होती, प्रत्येक चित्र आपापल्या पाकिटावर ठेवलं होतं, वर नावं माझ्या अक्षरात. ती एकेकावर बोट ठेवत गेली.

"हे टीव्हीच्या वर आहे," ती म्हणाली, "उजेड डावीकडून. हे देवघराशेजारी. हे दारातून शिरल्या शिरल्या. हे जेवणाच्या टेबलापाशी." मग गुलमोहराची फांदी होती. त्यावर तिचं बोट थोडं जास्त थांबलं. "आणि हे पाळण्यासमोर. बाळ बघतं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं. तिला हिशेब लागायला वेळ लागला नाही. ज्यांची नावं पाकिटांवर होती, त्या आपापल्या सोडतीच्या दिवशी आलेल्या नव्हत्या. "काल सगळ्या आल्या होत्या," ती सावकाश म्हणाली, "म्हणून तुझं नाव."

ती रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते, भांडण झालं असतं, आणि भांडण मिटवता येतं. तिने पाकिटं भरून खणात ठेवली, हातोडी घेतली, खुणेवर खिळा ठोकला आणि चित्र टांगलं. मागे सरकून ते सरळ आहे का पाहिलं, एक कोपरा किंचित वर केला. जाताना दारात म्हणाली, खालच्या खणातली तुला नको असली तर रद्दीत घाल, वर आणू नकोस माझ्याकडे. तिचं घर माझ्या खाली आहे. तरी ती वर म्हणाली, इतकं तिचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर तिने चित्र काढलेलं नाही. भिशीत येते. चित्रं बंद का केलीस, असं कुणी तोंडदेखलं विचारलं की डोळ्यांना त्रास होतो म्हणते. माझं नाव तिने एकदाही घेतलेलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सोसत नाही. यजमानणी पुन्हा स्टीलचे डबे वाटतात. तीही आपला डबा घेते, झाकण लागतं का बघते आणि पिशवीत ठेवते.

ती पाचही चित्रं मी हॉलमध्ये लावली आहेत, ऊन चुकवून. कोळिणीचं तर माझ्या खुर्चीसमोरच आहे. रोज बघता बघता गेल्या महिन्यात मला दिसलं की त्या बाईने एक हात वाट्यावर आडवा धरलाय, माशा बसू नयेत म्हणून, आणि तो हात इतका वेळ तसाच धरलेला आहे की बोटं दमलेली कळतात. एवढ्याशा कागदावर, नखाएवढ्या हातात तिने ते कसं आणलं असेल, या विचाराने मला राहवेना. मी चपला न घालता दोन मजले उतरून खाली गेले आणि तिला ते सांगितलं. ती वाल सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"असेल," ती म्हणाली. मग हातातलं काम न थांबवता, "पण तू सांगतेस त्यातलं खरं कुठलं, ते मला आता ओळखता येत नाही गं."

मी जिना चढून घरी आले. त्या दिवशी मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते.