आत्याचं न वाकणारं बोट

आत्या रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहायची. पाणी किती मागे सरलंय ते बघायची आणि कप रिकामा व्हायच्या आत ठरवायची, आज खडकात जायचं की चिखलात.

वाळूवरचे भुरके खेकडे तिच्या खिजगणतीत नव्हते. "नुसती पळापळ. अंगात मांस कुठंय?" एकच नांगी मोठी असलेल्या चिमुकल्यांना ती 'साहेब' म्हणायची, कारण काम काही नाही आणि हात सारखा वर. शंखात राहणारे ते 'भाडेकरू'. मान फक्त चिखलाच्या बिळातल्या काळ्या, जड खेकड्याला. लोखंडी आकड्याने तो बाहेर काढायचा आणि बाजारात विकायचा, यावर तिने एकटीने उभा जन्म काढला.

त्याने बोट पकडलं तर ओढायचं नाही. हात पाण्यात सैल सोडून गप्प बसायचं. कंटाळून तोच सोडतो. एकदा त्याने आत्याचं बोट धरलं, तेव्हाही ती अशीच दात आवळून गप्प बसली होती. पण सोबत गेलेले माझे वडील, तिचे धाकटे भाऊ, घाबरले आणि त्यांनी खेकड्याला हिसका दिला. नांगी तुटून बोटावरच राहिली, आणखी घट्ट. पकडीने ती फोडेपर्यंत आतली शीर गेली होती.

बोट कायमचं ताठ झालं. वडिलांनी आकडा माळ्यावर टाकला.

"ताई, आता बास. घरी बस. मी काय मेलोय का?"

"मेला नाहीस, भित्रा आहेस. खेकड्याने सोडलं असतं रे."

जखम भरली तशी ती स्टुलावर चढली आणि आकडा काढला. मूठ मिटेना, तेव्हा जुन्या ओढणीच्या पट्टीने तो मनगटाला बांधला. वडील दार अडवून उभे.

"असल्या हाताने जाणार?"

"दुसरा कुठून आणू? सरक."

ते सरकले नाहीत. ती त्यांच्या काखेखालून वाकून बाहेर पडली. पायात चपला नाहीत, तोंडाने शिव्या. शेवटी टोपली उचलून वडीलच मागोमाग धावले.

त्यानंतर कित्येक वर्षं दोघं असेच जात, ती पुढे, ते मागे. बिळाजवळ यायची त्यांना बंदी होती.

गेल्या वर्षी एका दुपारी ती झोपेतच गेली. त्या सकाळी चिखलातून वर येताना तिचा पाय रुतला आणि वडिलांनी आधाराला हात पुढे केला होता.

"हात नको देऊस," ती म्हणाली. "टोपली सरळ धर, सांडतील."