जमादाराचा ओरडा

जमादाराचा आवाज आधी यायचा आणि जमादार मागून. आमच्या आठवडी बाजारात तो शिरला की बायका आपापल्या टोपल्या आत ओढायच्या आणि भजीवाला हातातला झारा तसाच धरून, आज कोणाचा नंबर लागतो ते पाहत राहायचा. "ए करपलेल्या पऱ्ह्या, सायकल इथी काऊन उभी केली?" "अन् तू गं फुटक्या टोपले, रस्ता तुह्या सासऱ्याचा आहे का?" आईबहिणीवरून त्याने कधी कोणाला शिवी दिली नाही. त्याच्या शिव्या सगळ्या बांधावरच्या आणि चुलीजवळच्या. पोलिसांतला जमादार असला तरी गोंडपिपरीकडच्या धान लावणाऱ्या घरातला माणूस तो, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, त्यांच्यावरूनही माणसांना नावं ठेवायचा.

मी मूळची नागभीडची. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून गेले आणि तिथलीच झाले. गावाचं नाव सांगत नाही. आता सांगायला हरकत नाही असं सगळे म्हणतात, पण न सांगायची सवय अंगात मुरली आहे. तर माझ्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी जमादाराने माझी स्कूटी पाहिली. "ही भंगार कोणाची? दवाखाना झोपवून नर्सबाई वांगे घ्यायले आल्या वाटते!" मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. पगार सरकार देतं, तुमच्या खिशातून येत नाही, असं मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. बाजार खदाखदा हसला. हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो तेव्हापासून.

दुसऱ्याच दिवशी गस्तीवरून येताना तो उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. त्याची माणसं झाडांआड पांगून उभी राहिली. "बाई, काल जास्त झालं का?" त्याने विचारलं. आवाज इतका खाली, की तोच माणूस आहे ना म्हणून मी मान वर करून पाहिलं.

"जास्त? अहो, चारचौघांत..."

"चारचौघांतच पाह्यजे ना ते. बाजारात किती डोळे असतात, तुमाले माहीत नाई अजून. जमादार ज्याच्यासंगं हासून बोलला, त्याच्या घरी लोक विचारायले येतेत. ज्याले जमादार शिव्या देते, तो घरी जाऊन आरामात झोपते."

त्या दिवसांत जंगलात बंदूकवाले होते आणि गावात पोलीस यायचे. पोलिसांशी कोणी सलगीने बोललं की जंगलातले त्याला खबऱ्या ठरवायचे. मग त्याला घराबाहेर बोलावलं जायचं आणि बोलावलेला प्रत्येक माणूस परत येत नसे. हे मला कळत होतं. पण त्यावर ओरड्याचा उपाय काढणारा पोलीस मी पाहिला नव्हता. काटा निघाला तेव्हा तो सहज बोलावं तसं म्हणाला, "माह्या मयतीले ह्या गावचा एक बी माणूस आला, तर समजा जमादाराचं काम चुकलं." मी त्याला जिभेला हाड नाही का म्हणून रागावले. तो हसला आणि जाता जाता, रस्त्यावर दोघंतिघं दिसताच, माझ्या उपकेंद्राच्या नावाने मोठमोठ्याने ठणाणा करत निघून गेला.

मग मी बाजारात नीट पाहायला लागले. अनोळखी माणसाला तो फक्त "चल, हो पुढं" म्हणायचा. ओळखीच्याला एक शिवी. आणि ज्याच्यावर त्याचा फार जीव, त्याच्या नशिबी सगळा बाजार गोळा होईल एवढा ओरडा. सगळ्यात मोठा ओरडा मिळायचा मैनीबाईला.

मैनीबाई नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरची माडिया बाई, चारोळी आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकायला येणारी. वय तिचं तिलाही ठाऊक नसेल. "म्हातारे, ह्या चारोळ्या का लेंड्या?" असं जमादार विचारायचा आणि ती आधी गोंडीत, मग मोडक्या मराठीत त्याचा असा उद्धार करायची की भजीवाल्याचा घाणा करपायचा. शेवटी ती टोपलीतली नासकी टेंभरं उचलून त्याला फेकून मारायची. तोही रागारागाने ती वेचून खिशात टाकायचा, "पुरावा जप्त करून राह्यलो!" टेंभरं नासकी मुळीच नसत. चांगली पिवळीधमक, पाडाला पिकलेली असत. हे ती जाणे, तो जाणे आणि नंतर मी जाणे.

गावात त्याने कोणाच्या घरी घोटभर पाणी घेतलं नाही. कमरेची बाटली रिकामी असली तरी नाही. "पाणी देणाऱ्याचं घर ध्यानात राह्यते लोकाईच्या," म्हणायचा. मैनीबाईची सून भर पावसाळ्यात अडली आणि नाला भरून वाहत होता, तेव्हा गस्तीची तुकडी नेमकी तिकडूनच आली. जमादाराने आणि तुकडीतल्या पोरांनी तिची बाज खांद्यावर घेतली आणि छातीभर पाण्यातून ती अलीकडे आणली. बाजेवरून मी तिला उपकेंद्रात उतरवून घेतलं तेव्हा जमादाराचे ओठ काळेनिळे पडले होते. "बाई, आपण भेटलोच नाई. टोल्यावरच्या पोरायनं आणली म्हणा." बाळंतीण आणि मुलगी दोघी वाचल्या. पुढच्या बाजारी त्याने मैनीबाईला असं काही फैलावर घेतलं, की एक परगावचा व्यापारी मध्ये पडला, म्हणाला, जाऊ द्या साहेब, म्हातारी आहे. मैनीबाईने त्या व्यापाऱ्यालाच हाकलून लावलं.

पोलीस मदत केंद्रामागच्या टेकडीवर तेवढी फोनला रेंज मिळायची. तिथून तो रोज घरी बायकोला, म्हणजे वहिनींना, फोन करायचा आणि आज कोणाला काय बोललो, कोण आपल्याला काय बोललं, ते साग्रसंगीत सांगायचा. वहिनींनी आमचं गाव कधी पाहिलं नव्हतं, पण मैनीबाईच्या शिव्या त्यांना पाठ होत्या.

तो गेला तोही बाजाराचाच दिवस. ऊन कडक होतं, टेंभरं पिकली होती. मैनीबाईने नेम धरून मारलेली दोन त्याने जप्त केली आणि तुकडी घेऊन तो नाल्याकडे निघाला. नाला बाजारापासून फार लांब नाही. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "झोपा रे खाली!" बाजारातली माणसं हसली. आता तिकडे कोणाला धरलं, असं भजीवाला म्हणालासुद्धा. त्याचं वाक्य संपायच्या आत गोळ्या सुरू झाल्या.

जमादार नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे चालत होता. मागची सगळी पोरं त्या एका ओरड्याने वाचली. मी पेटी घेऊन धावले, पण माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. त्याच्या खिशात हात घालायचा मला धीर झाला नाही.

गडचिरोलीला सलामी झाली, मग त्याला त्याच्या गावी आणलं. अख्खा तालुका लोटला होता. मी बसने गोंडपिपरी गाठली आणि तिथून पुढे गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या मागे पाहिलं.

"मैनीबाई नाई आली?"

"नाही आली."

"बाकी कोणी? त्या गावचं कोणी तर आलं असन?"

मी नकारार्थी मान हलवली. काट्याच्या दिवशीचं त्याचं बोलणं मला आठवत होतं. पण ते तिथे सांगायचं तर मांडवात कोणाकोणाचे कान होते, मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही गावाचा राग आला होता. इतक्या जणांतून एकालाही यावंसं वाटू नये? वहिनींनी माझा हात सोडला. "रात्रंदिवस त्यायचंच सांगत होते," एवढंच त्या म्हणाल्या. एक साहेब बाजूला कोणाला तरी सांगत होते की या जंगलातल्या गावांना माणुसकीच नाही. मी तिथून उठले.

पुढचा बाजार मुका होता. मी मैनीबाईशी बोलले नाही. पण दुपारी तिच्या टोल्यावर लसीकरण होतं, म्हणून आम्हा दोघींना एकाच वाटेने जावं लागलं. नाल्याच्या वळणावर तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, एक दगड उचलला आणि वाटेकडेच्या दगडांवर ठेवला. तिथे आधीच बरेच दगड होते आणि वर येनाच्या झाडाच्या ताज्या डहाळ्या. वाघाने माणूस मारला की त्या जागेवर येणाऱ्याजाणाऱ्याने दगड ठेवायचा, ही तिकडची जुनी रीत. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, रडायचं नाही, दगड ठेवून पुढे चालायचं.

"इथे कुठे वाघ आला होता?" मी विचारलं.

"जंगलात वाघ का एकच असते, बाई?" ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. मी मात्र तिथेच खाली बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडले. मग मीही दगड ठेवला.

हे वहिनींना सांगायला हवं होतं. पण फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि तोंडातून एक शब्द इकडचा तिकडे गेला असता तर त्या दगडांचा अर्थ नको त्यांना कळला असता. म्हणून मी गप्प राहिले. वर्षं गेली. जंगलातले बरेच जण बंदूक टाकून घरी आले, नाल्यावर पूल झाला, बस येऊ लागली. रस्ता रुंद करणाऱ्यांना गावाने एवढंच सांगितलं की ही वाघाची जागा आहे, आणि रस्ता तिला वळसा घालून गेला. यंदा मदत केंद्रात जमादाराचा स्मृतिदिन ठरला तेव्हा मीच वहिनींना फोन केला. "त्या गावात माझं कोण आहे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एकदा या, मग मला विचारा.

त्या आल्या. फोटोला हार घातला, साहेबांनी दिलेली शाल घेतली, कोणाकडे फारसं पाहिलं नाही. मग मी त्यांना नाल्याच्या वळणावर नेलं. ढीग आता माझ्या छातीपर्यंत आला आहे. वहिनी त्याच्याभोवती एकदा फिरल्या.

"नाव कुठी आहे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. काट्यापासून. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मीच रचून सांगत असेन असंही त्यांना वाटलं असेल. तेवढ्यात बाजाराला निघालेली मैनीबाई आली. आता ती पार वाकली आहे, टोपली नातीच्या डोक्यावर असते. आमच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. दगड ठेवला, टोपलीतून एक टेंभर घेतलं आणि ढिगावर फेकून मारलं.

"घे, नासकं हाय. काऊन रे जमादार, अजून वाट अडवूनच बसला? सरक ना भाड्या! बाजाराले उशीर होऊन राह्यला."

वहिनींच्या तोंडून आपोआप निघालं, "मैनीबाई?"

म्हातारीने मान वळवून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ही कोण, ते मी सांगायच्या आधीच तिला कळलं असावं. मला वाटलं, आता जवळ घेईल. तिने हातातली काठी जमिनीवर आपटली.

"आता आली? इतके वर्सं कुठी होती, फुटक्या टोपले? तुह्या माणसाचे गोटे आमीच वाहाचे का?"

अंगावर अचानक पावसाची सर यावी तशा वहिनी उभ्या राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि त्याबरोबरच रडूही. पदराने डोळे पुसत त्या दगड शोधायला खाली वाकल्या. मैनीबाई मागून ओरडतच होती, "तो नोको, लाहान हाय. मोठा घे."