आप्पांच्या हाडावरचा घाव

गेल्या वर्षी मी इथे लिहिलं होतं की आप्पांच्या हाडांवरच्या खुणा जनावरांच्या दातांच्या आहेत.

ते चूक होतं. निदान एका खुणेबद्दल तरी.

ती पोस्ट मी काढलेली नाही. चूक माझी आहे, ती दिसू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आप्पा म्हणजे माझे मोठे काका. बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, एकटे राहायचे, आंब्याची कलमं बांधायचे. ऐन पावसात नाहीसे झाले. पाऊस सरल्यावर बागेखालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, करवंदीच्या जाळीत त्यांची हाडं सापडली.

आज त्याला वर्ष झालं.

पाय घसरून पडले, मग कोल्ह्यांनी ओढलं, असं ठरलं.

ठरवण्यात मीही होते. फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाला. अंगणात ताडपत्रीवर हाडं मांडलेली आणि सगळे माझ्याकडे बघतायत. हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही यातलंच शिकता ना? बघा जरा."

दोन मिनिटं पाहिलं. बऱ्याच हाडांवर दातांच्या खुणा होत्या, खरंच होत्या. मांडीच्या हाडावरची एक वेगळी होती. तिलाही मी दातांतच मोजलं. फोटो काढला, तोही शेजारी मोजपट्टी न ठेवता.

मला ते लवकर संपायला हवं होतं.

या वर्षी लॅबमध्ये आम्ही डुकराच्या हाडांवर सुरी, कोयती, करवत चालवून बघतो. दात हाडाला चेपतो. खळगा उथळ, कडा चुरलेल्या. धारेचा घाव सरळ जातो. तळाशी निमुळता, भिंती गुळगुळीत.

मायक्रोस्कोपखाली कोयतीचा घाव पाहिला आणि तो ओळखीचा वाटला. खोलीवर परत येऊन तो जुना फोटो उघडला.

सरळ रेघ. मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या चार बोटं वर. भरून येत असल्याची खूण नाही, म्हणजे घाव मरतानाचा किंवा त्यानंतरचा.

घाव वाचायला मला आधी आप्पांनीच शिकवलं होतं. मी आठेक वर्षांची असेन. बागेतली फांदी कुणीतरी तोडून नेली होती.

"सांग गो, कधी तोडलान?"

"काल?"

"काल तोडलान तर आत पांढरं नको? बघ, काळवंडलंय. आठ दिस झाले. शाळेत काय नुसती खिचडी खातेस?"

हाडाचंही साधारण तसंच असतं. हाडं काढताना माणसांनी ती जाळी कोयतीनेच तोडली होती. घाव तेव्हाचा असेल तर आतून फिकट दिसायला हवा. फोटोत तो बाकीच्या हाडासारखाच तपकिरी दिसतो.

पण फोटोतल्या रंगावर मी विसंबणार नाही.

आणखी एक. आपल्याकडे कोयती कमरेला, मागच्या बाजूला आकडीत अडकवतात. पडताना स्वतःचीच लागू शकते. नेमकी तिथेच.

म्हणून बाबांना फोन केला. "आप्पांची कोयती कुठे मिळाली होती?"

 बाबा म्हणाले, "मांगरात. खुंटीला. आकडीसकट."

"ते कोयतीशिवाय बागेत जायचे?"

"परसाकडेसुद्धा नाय जायचा."

"मग पोलिसांना सांगितलंत हे?"

"कोणी विचारलानच नाय गो."

ते मांडीचं हाड ओळख पटवायच्या तपासणीसाठी पाठवलं होतं, म्हणून बाकीच्यांबरोबर जळलं नाही. गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात परत आलं, सीलबंद.

आणि आमच्या एका चुलतभावाला घाई झाली. यंदाच्या अधिक महिन्यामुळे वर्षश्राद्धाच्या तिथीला अजून बरेच दिवस आहेत, पण तो म्हणतो, गुरुवारीच पूर्णगडच्या खाडीत सोडून टाकू.

पंचांग बघितल्याशिवाय केससुद्धा न कापणारा माणूस.

मी म्हटलं, दादा, थोडं थांब.

"तू आता हाडं बघून भविष्य सांगतेस काय गो? वर्षापूर्वी दात म्हणालीस ती तूच ना?"

हो. मीच.

त्याला फक्त हे एकदाचं संपायला हवं असेल, जसं तेव्हा मला हवं होतं. मी कुणावरही आरोप करत नाही. पण त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येकाचं बोलणं दोनदा ऐकते, आणि याची मला लाज वाटते.

हाड एकदा पाण्यात गेलं की विचारायचं कुणाला?

काल बाबांनी ते पुडकं आमच्याकडे आणलं. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून पडवीत टांगलंय. आई समोर खुर्ची टाकून बसलीय. उठायला तयार नाही.

सील मी तोडलेलं नाही, तोडणारही नाही. मी पुतणी आहे, आणि एकदा चुकलेली आहे. ते दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं, नीट, पट्टी ठेवून. पुन्हा माझंच चुकलं असं निघालं तर मला बरंच वाटेल.

आप्पा, तुम्हाला मनापासून नमस्कार. निरोप अजून देता येत नाही.

येत्या मंगळवारी, म्हणजे त्या गुरुवारच्या आधीच, सकाळी साडेदहाला, बाबा आणि मी ते पुडकं घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. फेरतपासणीचा अर्ज लिहून झालाय. सही माझी आहे.