तीनशे चारचा पत्ता

"पत्ता माझा घाल गं, त्यात काय एवढं!"

असं म्हणत बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, समोरच्या मुलीच्या हातातला फॉर्म ओढून घ्यायच्या आणि स्वतःच्या गोल गोल अक्षरात लिहायला बसायच्या. केअर ऑफ, मग त्यांचं नाव, तिसरा मजला, तीनशे चार, मुलुंड पूर्व. नात्याचा रकाना आला की एक क्षणही न थांबता 'मावशी'.

बाई एका अनाथाश्रमात शिवण शिकवायच्या. तिथल्या मुलींना अठरा वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. अठराव्या वर्षी आपली पोरं साधं दूध तापवत नाहीत, हे तुम्हीही तुमच्या घरात बघता. या मुली मात्र एक बॅग घेऊन रस्त्यावर. बँकेत जा, पत्ता. नोकरीला जा, पत्ता. सिमकार्ड घ्यायचं तरी पत्ता. बाईंनी लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. होता तो एक फ्लॅट. तो त्यांनी असा वाटून टाकला.

आणि मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी! म्हणजे माझ्या डोक्याला ताप. तीनशे चारची पत्रपेटी कायम भरलेली, त्यामुळे पोस्टमन उरलेली पत्रं माझ्या पेटीत कोंबून जायचा. एकदा मतदार यादीवाला आला आणि चक्रावून मला विचारायला लागला, "काय हो, एका घरात नऊ बायका आणि आडनावं पण नऊ? हॉस्टेल आहे का?" मी त्याला वर घेऊन गेलो, म्हटलं आता होऊनच जाऊ दे सोक्षमोक्ष. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हॉस्टेल नाही हो. माहेर आहे." तो बिचारा गप सही करून गेला.

मला "सेक्रेटरीसाहेब" म्हणायच्या. त्यात चेष्टा असायची, पण मीटिंगमध्ये मी पत्रांचा विषय काढला की हसत ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "असू दे हो." कुणी पाणी सांडलं, असू दे. कुणी उसनी नेलेली कात्री मोडून आणली, असू दे. त्यांच्याशी भांडण लावणं म्हणजे गादीवर बुक्क्या मारणं. मी तर वैतागायचो.

नऊ जणींपैकी बहुतेकींची फक्त नावंच तिथे होती. ज्योती मात्र खरीच तिथे राहायची. आश्रमातून निघाली ती थेट बाईंकडे आली, तीन वर्षं राहिली, नर्सिंग पूर्ण केलं, पवईच्या एका हॉस्पिटलात लागली. जिन्यात भेटली की "काका, बीपीची गोळी घेतली ना?" असं दरडावून विचारायची. ड्युटीवरून यायला उशीर झाला तर बाई गॅलरीत उभ्या. कधी कडाक्याचं भांडायच्या दोघी. एकीला भाजीत गूळ हवा, दुसरीला नको. खाली माझ्या घरात सगळं ऐकू यायचं.

मग ज्योतीला मस्कतच्या इस्पितळात नोकरी मिळाली. बाईंनी पेढे वाटले. पासपोर्टचा अर्ज गेला आणि एका दुपारी चौकशीला पोलीस आला. बाई एका मैत्रिणीकडे मालाडला गेल्या होत्या, ज्योती ड्युटीवर. वर कुलूप बघून तो माझ्याकडे आला.

"साहेब, तीनशे चारमध्ये ही मुलगी राहते का?"

मी त्या वेळी पत्रपेट्यांबद्दलचीच नोटीस लिहीत होतो. त्याच सकाळी माझा चेक तीनशे चारच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सापडला होता. डोकं फिरलेलंच होतं. मी म्हणालो, "तीनशे चारमध्ये एकच बाई राहते. बाकीची नुसती नावं राहतात."

पोलीस हसला. माझ्या या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो की संध्याकाळी चहा पिताना बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, पण ज्योती राहते ना!" मी म्हणालो, "बघतील ते." आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत जाऊन सांगता आलं असतं. चौकी स्टेशनच्या वाटेवरच आहे. मी गेलो नाही.

'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असे सांगण्यात आले.' एवढाच शेरा. पासपोर्ट अडकला. बाई ज्योतीला घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरल्या, पुन्हा अर्ज केला, पुन्हा चौकशी झाली. पासपोर्ट आला तेव्हा मस्कतची जागा भरून गेली होती.

पोलीस माझ्याशी बोलून गेल्याचं सोसायटीच्या वॉचमनने बाईंना सांगितलं होतं. त्या माझ्याकडे आल्या. मी तयारीत होतो, नियमावली टेबलावर काढून ठेवली होती. त्या बसल्यासुद्धा नाहीत. "तुम्ही बोललात, ते बोलून गेलात. असू दे. ज्योतीला मी तुमचं नाव सांगणार नाही. एकाच जिन्यात राहायचंय, तिच्या मनात अढी नको."

आणि मी काय म्हणालो असेन? "थँक्यू" म्हणालो. लाज वाटते आता.

पंधरा दिवसांत ज्योती हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहायला गेली. ड्युटीला जवळ पडतं म्हणे. सुरुवातीला दर रविवारी यायची, मग महिन्यातून एकदा, मग सणाला नुसता फोन. बाई रविवारी सकाळी तिच्यासाठी खोबऱ्याची वडी करायच्या आणि संध्याकाळी ती वडी आम्हा सगळ्यांच्या घरी फिरायची. आम्ही चवीने खायचो.

माझ्यात फरक पडला होता, नाही असं नाही. त्यांची पत्रं मी स्वतः लावून वर नेऊन देऊ लागलो. एकदा न राहवून विचारलं, "ज्योती हल्ली येत नाही?"

बाई सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "माझ्या पत्त्यापायी तिची नोकरी गेली, सेक्रेटरीसाहेब. कशाला येईल ती?"

तेव्हा मी तिला फोन करायला हवा होता. सोसायटीच्या रजिस्टरात 'संकटकाळी कळवायचे नाव' या रकान्यात बाईंनी तिचाच नंबर लिहिला होता. दोनदा रजिस्टर उघडलं. म्हटलं, दिवाळीनंतर करू. दिवाळ्या आल्या आणि गेल्या.

गेल्या थंडीत बाई दोन दिवसांच्या दुखण्यात गेल्या. तेव्हा मात्र तो नंबर मी लावला. ज्योती तासाभरात हजर. सगळं तिनेच केलं. अग्नीसुद्धा तिनेच दिला.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भाताचा डबा घेऊन वर गेलो. ती दारातच उभी होती, डोळे सुजलेले.

"काका, एक विचारू? मावशीला मी नकोशी का झाले?"

मला काही कळेना. "काय बोलतेस हे, ज्योती?"

"पोलिसांना तिनेच सांगितलं ना, मी इथे राहत नाही म्हणून? मी किती वेळा विचारलं तिला, कोण बोललं ते सांग. नुसतं असू दे, असू दे. दुसरं कुणी असतं तर नाव घेतलं असतं ना तिने? मग मीच समजले. मला काय, आधीही एकदा सोडलेलंच आहे कुणीतरी. म्हटलं, हिने हाकलायच्या आत आपणच जावं."

या खेपेला मात्र मी बोललो. "मी सांगितलं होतं, ज्योती. त्या मालाडला गेल्या होत्या. तुझ्या मनात अढी नको म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

ती ओरडेल, मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"ती वाट बघायची?"

"दर रविवारी."

"आणि तुम्हाला माहीत होतं, मी येत नाही ते?"

"हो."

"चार वर्षं मी पवईत होते, काका," ती म्हणाली. "रिक्षाने अर्धा तास."

मग ती उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. डबा माझ्या हातातच राहिला.